कंपाउंडरचाचांची पट्टी

कंपाउंडरचाचा कशाचंही माप डोसांत सांगत. पाव मैलाच्या वाटेला ते अर्धा डोस म्हणत. रविवारच्या बाजाराला एक डोस आणि बायकोच्या माहेरच्या मुक्कामाला तीन डोस, ‘त्यावर नको, बाधतं.’ हिंगोलीत माझ्या वडिलांचा दवाखाना होता. चाचा तिथे वीस-बावीस वर्षं कंपाउंडर होते. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते कुणाच्या तोंडी नव्हतं. बारीक अंगकाठी, मेंदीनं तांबूस झालेली दाढी आणि बोटांना कायम टिंक्चरचे डाग.

त्या काळी पातळ औषध बाटलीतून देत आणि बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवत. पट्टीला जितक्या खाचा तितके डोस. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही एका वेळी एक खाच प्यायची हे कळे. चाचा कागद दुमडत, कात्रीचे दोन घाव घालत, आणि उलगडल्यावर खाच अशी सरळ उमटे की मोजपट्टी लावावी. मैद्याची खळ ते स्वतः शिजवत. ‘पट्टी निघाली तर रोगी मेला,’ असं म्हणत आणि मी हसले की डोळे वटारत. रोग्यानं औषध मध्येच सोडलं तर बाटली परत मागवून उरलेला डोस समोर उभं करून पाजत. अर्धा डोस टाकलेला त्यांना चालत नसे.

नाना, म्हणजे माझे वडील, तरुणपणी स्कॉटलंडमध्ये शिकले होते. ज्या घरी ते राहत त्या घरची मुलगी हेलनबाई. तिचं लग्न झालं नव्हतं, ती शाळेत शिकवी. अठ्ठेचाळीस सालच्या माघात, पन्नाशी उलटल्यावर, ती मुंबईहून आमच्याकडे आली. तिची परतीची बोट ठरलेली होती, त्यामुळे मुक्काम मोजका. नानांनी रात्रंदिवस खपून आठ ठिकाणांची यादी केली. पंचवीस वर्षांपूर्वी त्या लोकांनी आपल्याला किल्ला, बाग, संग्रहालय सगळं दाखवलं, आता आपण कमी पडायचं नाही, असं त्यांच्या मनात.

चाचांनी यादी वाचली आणि चष्मा काढला. ‘डाक्टरसाब, एवढं एकदम पाजलं तर उलटी व्हईल बाईला.’

‘मग तुम्ही करा बेत,’ नाना चिडून म्हणाले.

चाचांनी तो केलाही. कागदाची लांब पट्टी घेतली, पाच खाचा पाडल्या आणि पाहुणीच्या खोलीच्या दाराला खळीनं चिकटवली. एक खाच म्हणजे एक दिवस, एका दिवसाला एकच ठिकाण. संध्याकाळी परतल्यावर हेलनबाईनं त्या खाचेवर पेन्सिलीनं रेघ मारायची. तिला तो प्रकार फार आवडला. इंग्रजी बोलायला म्हणून मला सोबत जावं लागे. मी तेव्हा वीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, आणि आपल्याला सगळं कळतं अशा समजुतीत होते.

चाचांची एक रीत होती. पाहुणीला न्यायचं त्या गावी ते आदल्या दिवशी स्वतः जाऊन येत. विहिरीचं पाणी पिऊन पाहत, सावली कुठे आहे ते बघत आणि मुख्य म्हणजे ‘बसा’ कोण म्हणतं ते बघत. ‘देऊळ कुठं पळून जात न्हाई, बेटी. माणसाचं मन कोणत्या दिशी कसं राहील, ते बघून घ्यावं लागतं,’ असं ते म्हणत. पाहुणीसाठी मात्र उकळलेल्या पाण्याची बाटली असे. तिच्यावरही पट्टी, जितके थांबे तितक्या खाचा.

पहिल्या दिवशी ती जुन्या छावणीतल्या गोऱ्यांच्या कबरी पाहायला गेली. दगडांवरची नावं मोठ्यानं वाचत होती आणि वयांपाशी आली की थांबत होती. अठरा, वीस, बावीस, बहुतेक तापानं गेलेले. चाचांनी मला विचारलं, ‘काय म्हणून राहिली?’ मी सांगितलं. ते म्हणाले, ‘सांग तिला, तवा हितं माझ्यावानी कंपाउंडर नव्हता.’ मी सांगितलं. हेलनबाई कबरस्तानात हसली आणि मग तिलाच लाज वाटली.

साखऱ्याला हुरडा खायला गेलो तेव्हा शेतकऱ्याच्या बायकोनं तिचा हात धरून उलटासुलटा करून पाहिला. ‘एवढी पांढरी काहून गं ही? दुखणं हाय का काही?’

‘न्हाई वो बाई, हिचा मुलूखच थंड हाय,’ चाचा म्हणाले.

‘मंग तुमी दवा देता ना? रंगाची द्या की जरा.’

चाचा म्हणाले, ‘देतो. एक डोस उन्हात बसव तिला.’ आणि खरंच तिला अर्धा तास बांधावर बसवलं.

पण हे दिवस हसण्याचे नव्हते. आम्ही निजामाच्या राज्यात, आणि आमच्या जिल्ह्याची एक कड ही त्या राज्याची शीव होती. कनेरगाव नाका ओलांडला की पलीकडे वाशीम, म्हणजे दुसरं सरकार. नाक्यावरच्या चौक्यांवर हल्ले होत होते. इकडून निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्या खेड्यांत शिरत होत्या. पूर्णेकडची गाडी कधी सुटे, कधी न सुटे. दवाखान्यात लोक जखमा दाखवत आणि ‘पडलो’ म्हणत. नाना टाके घालत आणि विचारत नसत. चाचा मलमपट्टी करत आणि तेही विचारत नसत. रोगी मात्र आता चाचांकडे पाहून बोलणं मध्येच तोडू लागले होते, आणि मशिदीतून येताना चाचांना काही लोक विचारू लागले होते की त्या हिंदू डॉक्टरच्या घरी तुम्ही अजून काय करून राहिले. चाचा म्हणत, ‘खळ शिजवून राहिलो.’

तिसऱ्या दिवशी नरसीहून परतलो. संध्याकाळी पाहते तर दाराची पट्टी बदललेली. नव्या पट्टीला चारच खाचा; पहिल्या तिन्हींवर पेन्सिलीच्या रेघा आधीच मारलेल्या. चौथी हिंगोलीच्या बाजाराची. पाचव्या दिवशी सकाळी बाईला नाक्यापलीकडे पोचवायचं. औंढ्याचं देऊळ गाळलं होतं.

मी दवाखान्यात गेले. ‘चाचा, औंढा का काढलं?’

‘काढलं न्हाई, बेटी. पुढच्या बारीला ठेवलं.’

‘त्या काय दर वर्षी येणार आहेत का स्कॉटलंडहून? औंढ्यासारखं देऊळ सोडून त्या काय बाजारातल्या मिरच्या बघून जाणार?’

‘नाक्याचा रस्ता परवापर्यंत ठीक हाय. पुढचं मला सांगता येत न्हाई.’

मला राग आला. नानांचं उतरलेलं तोंड मी पाहिलं होतं. आणि मी जे बोलले ते मी इथे जसंच्या तसं लिहिते, कारण नंतर मी ते अनेकदा सौम्य करून आठवण्याचा प्रयत्न केला आहे. मी म्हणाले, ‘तुम्हाला कसली भीती चाचा? सध्या राज्य तर तुमचंच आहे.’

त्यांनी खळीच्या वाटीवर झाकण ठेवलं. बोटं पुसली. मग टेबलाकडे हात करून म्हणाले, ‘माझं राज्य ह्या मेजाएवढं, बेटी. आणि त्याच्यावरच्या बाटल्याबी तुमच्या.’

मी टेबलावरची कात्री उचलली, घरी आले आणि दाराच्या पट्टीला खाली पाचवी खाच पाडली. पट्टी चिकटलेली होती, कात्रीचं टोक नीट शिरेना; खाच दातांनी कुरतडल्यासारखी झाली. नाना पाहून खूश झाले. हेलनबाईनं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी चाचांनी ती खाच पाहिली, बोटानं चाचपली आणि म्हणाले, ‘बरं. पण तिकडं जाऊन यायला आता मला वेळ न्हाई. न बघता जावं लागंल.’

औंढ्याला काहीच झालं नाही. हेलनबाई देवळाच्या भिंतीवरच्या मूर्तींची चित्रं काढत दुपारभर बसली. चाचा बाहेर बैलांच्या दमणीपाशी, लिंबाखाली. एका फूलवाल्यानं त्यांना बसायला पोतं दिलं. परतताना ते बैलांना म्हणाले, ‘चला, एक डोस जास्तीचा झाला, पण पचला.’ मी मनात म्हटलं, पाहा, उगाच घाबरत होते.

घरी आलो तर नाना ओट्यावर उभे. दुपारी नाक्याकडे काहीतरी झालं होतं. चौकी जळाली असं कुणी म्हणे, गोळ्या चालल्या असं कुणी. त्याच दिवशी पहाटे निघालेली गावातल्या एका आडत्याची दमणी नाक्यापलीकडे माल टाकून सुखरूप परत आली होती. म्हणजे चाचांच्या पट्टीप्रमाणे निघालो असतो तर आम्हीही पोचून परतलो असतो.

बोट थांबणार नव्हती. गाडीवानानं यायचं नाकारलं. चाचा म्हणाले, ‘मी हाकतो. बैल मला वळखतात.’ नाना स्वतः निघायला उठले तेव्हा चाचांनी त्यांना दवाखान्याकडे बोट दाखवलं. आत सहा जण टाके पडलेले.

सकाळी चाचांनी दोन बाटल्यांत उकळलेलं पाणी भरायला सांगितलं. एक बाईची. मी विचारलं, ‘दुसरी कुणाला?’

‘मला. परतीची.’

‘तुम्ही तर सगळ्या विहिरींचं पाणी पिता.’

‘येताना कुठं उतरायचं न्हाई,’ ते म्हणाले. त्या बाटलीवर त्यांनी पाच खाचांची पट्टी लावली आणि मला एकेक खाच दाखवून सांगितली. पहिली नाक्याच्या अलीकडे, दुसरी वडापाशी, तिसरी ओढ्याजवळच्या चिंचेला, चौथी टेकाडावर, पाचवी छावणीच्या कबरींजवळ. ‘पाचवी प्यालो की घरचा चहा,’ म्हणाले. मला माफी मागायची होती. पण हेलनबाईची ट्रंक दमणीत बसत नव्हती, आम्ही सगळे त्याच खटाटोपात. माफी राहून गेली.

हेलनबाईची तार दुसऱ्या दिवशी आली. सुखरूप पोचल्याची, आणि कंपाउंडरसाहेबांचे आभार.

त्याच दुपारी बैल दमणी घेऊन आले. बैलांना घर माहीत होतं. दमणीत चाचांची सतरंजी घडी करून ठेवलेली, आणि दांडीला बाटली बांधलेली. बूच घट्ट होतं. पाणी तिसऱ्या खाचेवर होतं.

नाना चार माणसं घेऊन चिंचेपर्यंत गेले. ओढ्याच्या वाळूत दमणीची चाकोरी होती, माणूस नव्हता. पोलिसांच्या अमिनानं, म्हणजे फौजदारानं, कागद लिहिला. नाक्यापलीकडचे म्हणाले तो निजामाचा माणूस, अलीकडचे म्हणाले तो पलीकडच्यांना फितूर. दोघांनीही आपण काही केलं नाही असं सांगितलं. त्यानंतर सात-आठ महिन्यांनी राज्यच गेलं. चाचांचा पत्ता त्या राज्यात लागला नाही, नंतरच्याही नाही.

चाची दोन दिवसांनी त्यांची कात्री आणि चष्म्याचं घर न्यायला आल्या. घरच्या बायका रडत होत्या. त्या रडत नव्हत्या. बाटली उजेडात धरून पाहत होत्या. ‘तीन प्याले. दोन राह्यले. आजवर त्यांनी डोस टाकला न्हाई,’ म्हणाल्या. बाटली पदरात गुंडाळली. जाताना पाहुणीच्या दारापाशी थांबल्या. पट्टी अजून तिथेच होती. त्यांनी वरून एकेक खाचेवर बोट ठेवलं. पाचवीवर बोट थांबलं.

‘ही त्यांची न्हाई.’

‘माझी आहे,’ मी म्हणाले. मग सगळं सांगितलं. औंढ्याचा हट्ट, रस्ता उघडा होता तो दिवस, आणि मी दवाखान्यात काय बोलले तेही. काही गाळलं नाही. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, खाचेकडे पाहत होत्या. 

‘कागद अगुदर दुमडून घ्यायचा असतो, बेटा,’ त्या म्हणाल्या. ‘मंग कापायचं.’