भुलीतली चौदा मिनिटं

वेदनेचा डॉक्टर होण्याआधी तो भूल द्यायचा. हुशार, पण जरा बेफिकीर. एका सकाळी पित्ताशयाच्या ऑपरेशनला आलेल्या एका बाईला स्नायू ढिले पाडायचं इंजेक्शन त्यानं दिलं, पण मशीनमधलं भुलीचं औषध संपलंय हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. लक्ष गेलं तोवर चौदा मिनिटं उलटली होती. तेवढा वेळ बाई टक्क जागी होती. पोट फाडलेलं, आणि पापणीसुद्धा हलवता येत नव्हती. त्यानं गुपचूप औषध भरलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळं सांगितलं. सर्जन तेव्हा आपल्या घरच्या नव्या फरशीबद्दल काय बोलले, तेसुद्धा.

"भुलीत स्वप्नं पडतात, ताई," तो म्हणाला, आणि फाईलमध्ये लिहून मोकळा झाला : रुग्णाला भास होतात.

त्यानंतर कुणाच्या तोंडावर मास्क ठेवायची वेळ आली की तो दुसऱ्याला पुढे करायचा. ते काम त्यानं सोडलं, पुन्हा दोन वर्षं शिकला आणि वेदनेचा दवाखाना काढला. तिथे मात्र तो प्रत्येकाचं दुखणं खरं मानायचा. "आमचं ऐकून घेणारे तुम्हीच पहिले," असं पेशंट म्हणाले की त्याला बरं वाटायचं. फारच बरं वाटायचं.

नऊ वर्षांनी ती बाई आली, नवऱ्याबरोबर. टाक्यांची जागा अजून ठणकायची, तोंडावर चादर आली की ती किंचाळायची.

"हिच्या डोक्यातच खूळ आहे, डॉक्टर," नवऱ्यानं फाईल टेबलावर टाकली. "मोठ्या डॉक्टरनंच लिहून दिलंय."

पहिल्याच पानावर त्याचं अक्षर होतं. तिनंही त्याला ओळखलं.

"यांना खरं काय ते सांगा," ती हळूच म्हणाली. "एकदाच. मग मी औषधसुद्धा मागणार नाही."

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर बाकावर पेशंट दाटीवाटीनं बसलेले. त्यानं फाईल मिटली.

"भुलीत तसं वाटतं, ताई," तो म्हणाला, आणि झोपेची गोळी लिहून दिली.

"ऐकलंस?" नवरा हसला. ती उठली.

दोन महिन्यांनी नवरा एकटाच आला, गुडघा धरून.

"त्या कशा आहेत?" डॉक्टरनं विचारलं.

"एकदम गप्प! तुमच्याकडून गेल्यापासून तोंड उघडलं नाही बघा. जेवायलाही मागत नाही. भिंतीकडे बघत बसते. पण आरडाओरडा बंद! तुमच्या हाताला गुण आहे हो."

डॉक्टरनं खुर्ची पुढे ओढली आणि त्याचा गुडघा चाचपायला घेतला.

"कधीपासून दुखतोय?"