तीन नोव्हेंबरची मुदत

आमच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाला मी शंकासुर म्हणायचे. कुलूप लावून निघाला तरी परत येऊन ओढून बघणार. मी काउंटरवर बसते, तोंडाने फटकळ आहे, पण या माणसावर मनापासून चिडणं कधी जमलं नाही.

मूल होत नाही अशी जोडपी आमच्याकडे येतात. त्यांचे भ्रूण ठरलेल्या मुदतीपर्यंत गोठवून ठेवतात, मुदत वाढवली नाही तर टाकून देतात. शंकासुराची धाकटी बहीणही त्यांतलीच, त्यानेच तिला इथे आणलेली. सगळे प्रयत्न फसून तिचा एकच भ्रूण उरला होता, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याइतकी तब्येत राहिली नव्हती. "जरा अंग धरू दे, मग बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मुदत तीन नोव्हेंबरपर्यंत होती.

उन्हाळा संपता संपता डेटाबेस अपग्रेड झाला. जुन्यात तारखा नुसत्या अक्षरांसारख्या लिहिलेल्या, नव्याला त्या खऱ्या तारखा म्हणून हव्या होत्या. आणि हा नवा आधी महिना वाचायचा, मग दिवस. पंचविसावा महिना कुठून आणणार? तसल्या तारखांवर तो अडला, एरर दाखवू लागला. शंकासुराने त्या एकूण एक दुरुस्त केल्या. रडणाऱ्या पोराकडेच सगळ्यांचं लक्ष जातं. तीन-अकरा ही तारीख मात्र रडली नाही. ती गुपचूप अकरा मार्च झाली.

म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी मुदत केव्हाच संपलेली. मुदत संपण्याआधी जोडप्याला जाणाऱ्या मेसेजचा दिवसही त्या हिशेबाने उलटून गेलेला, म्हणून मेसेज गेला नाही. भ्रूण टाकताना आमच्याकडे दोघं असतात. एक नाव वाचतो, दुसरा नळीवरचं नाव पडताळतो. नावं बरोबरच होती. तारीख कोणी बघत नाही, ती कॉम्प्युटर बघतो.

टाकलेल्यांच्या नोंदी बंद करायच्या म्हणून दुपारी यादी शंकासुरापुढे आली. तीत बहिणीचं नाव होतं. तो तसाच उठून माझ्याकडे आला.

"ताई, माझ्या बहिणीकडे येता का? मला एकट्याला जमायचं नाही."

बहीण गॅलरीत कपडे वाळत घालत होती. त्याने तिला सगळं सांगितलं, अगदी दिवस-महिन्याच्या घोळासकट. कारण कळल्यावर दुःख कमी होतं की काय! मला त्याचा राग आला आणि त्याच्यासाठी रडूही आलं.

ती हातातला ओला टॉवेल पिळतच राहिली. त्यातलं पाणी कधीच संपलं होतं.

"दादा, असं अजून कुणाकुणाचं झालं असेल?"

"आज तुझंच. पण उद्याच्या यादीत असतील."

"मग तू इथे काय करतोयस? जा, थांबव ते."

"तुला अशी सोडून कसा जाऊ गं?"

"जा म्हणते ना. त्यांचा भाऊ नाहीये तिथे."

तो गेला. बाकीचे सगळे वाचले. ती माझ्या खांद्याला डोकं टेकून बसली, आणि मी तिच्या मुठीतला टॉवेल सोडवून दोरीवर टाकला.