शेरे मारणारा कीबोर्ड

चहा अर्धा कपच घ्या. पुढे हसताना सांडाल आणि माझी चादर खराब होईल. नाही, हसू नका असे मी म्हणणार नाही. सारे वाशीम हसून झाले आहे, तुम्हीच काय घोडे मारले आहे? फक्त एवढे लक्षात असू द्या की ही फजिती माझ्यावर कोणी लादलेली नाही. ती मी पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या दहाही बोटांनी घडवून आणली.

झाले असे की माझे मनगट दुखू लागले. निवृत्त झाल्यावर लोक तुळशीला पाणी घालतात, मी लेखनवर्ग काढला. जिल्हाभरातली मुले मेसेजवर निबंध पाठवतात आणि मी संगणकासमोर बसून ते तपासते. फुकट. पैसे घेतले असते तर थोडे गोड बोलावे लागले असते.

आता निबंध निरनिराळे असले तरी चुका त्याच असतात, म्हणून शेरेही तेच. "लेखनात शिस्त नाही." "पुन्हा लिहून आणा." तेच तेच टंकून मनगट सुजले. डॉक्टर म्हणाले, लिहिणे कमी करा. मी म्हटले, मुलांना चुका कमी करायला सांगा.

माझी भाची प्रणिता पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. भावाची मुलगी. ती म्हणाली, "आत्या, तुला मनगटाला सोयीचा कीबोर्ड घेऊ. दोन तुकड्यांचा, छोटा, मेकॅनिकल. तुला हवा तसा बनवून घेता येतो."

हवा तसा! हे शब्द माझ्यासारख्या बाईसमोर उच्चारू नयेत.

आधी कळांखालचे स्विच निवडायचे होते. तिने नमुने आणले. लाल मऊ, तपकिरी जरा अडखळणारे आणि निळे टकाटक वाजणारे. मी एकेकाला बोटाने दाबून तोंडी परीक्षा घेतली. लाल तर पुटपुटत उत्तर देत होते.

"निळे," मी निकाल दिला.

"आत्या, अगं शेजारचे भांडायला येतील. सुपारी कातरल्यासारखा आवाज येतो त्याचा."

"येऊ देत. शब्द उमटला हे चार लोकांना कळले पाहिजे."

मग टोप्या. म्हणजे कळांवर बसणारी झाकणे. अक्षरे छापलेली की कोरी? प्रणिता म्हणाली, छापलेली घे, सुरुवातीला सोपे जाईल. काय बोलते ही मुलगी! कळांवर अक्षरे छापणे म्हणजे प्रश्नपत्रिकेच्या मागे उत्तरे छापणे. आयुष्यभर मुलांच्या बाह्या वर करून कॉपी शोधली ती काय यासाठी? मी कोऱ्या टोप्या घेतल्या. हस्तिदंती रंगाच्या.

असा तो कीबोर्ड तयार झाला. एक तुकडा डाव्या हाताला, एक उजव्या हाताला, मधल्या मोकळ्या जागेत बशीसकट कप मावेल. कळा इतक्या थोड्या की आमच्या जुन्या दोनशिक्षकी शाळेची आठवण यावी. प्रत्येकीकडे तीन-तीन कामे. कळेला टिचकी मारली तर अक्षर उमटते आणि तीच कळ धरून ठेवली तर दुसरेच काम होते. त्या धरून ठेवण्यात आपल्याला हवे ते भरता येते. अख्खे वाक्यसुद्धा.

अख्खे वाक्य! मी बसल्या बैठकीला माझे सारे शेरे कळांमध्ये भरून टाकले. शेवटी एंटरही भरला, म्हणजे शेरा उमटेल आणि लगेच पाठवलाही जाईल.

"एंटर नको घालूस, आत्या. वाचून मग पाठव."

"प्रणिता, मी दिलेला शेरा मी पुन्हा वाचत नाही. तो समोरच्याने पुन्हा पुन्हा वाचायचा असतो."

इथवरही निभावले असते. पण कळ किती वेळ दाबली म्हणजे 'धरून ठेवली' असे समजायचे, हेही ठरवता येते. प्रणिताने ती वेळ ऐसपैस ठेवली होती. ती पुण्याला परतताच मी ती कमी केली. अगदी खालच्या टोकाला नेली. मी आज्ञा केल्यावर कळेने विचार करत बसावे? एकदा सांगितले की झाले पाहिजे! आता मी टंकलेखन शिकले ते लोखंडी टाइपरायटरवर. माझे बोट कळेवर पडते ते ठाण मांडते, टिचकी-बिचकी त्याला ठाऊक नाही. हे सारे एकमेकांशी जुळवून पाहायला हवे होते. पण मी शेऱ्यांवरच खूश होते, शेऱ्यांशिवाय दुसरे काही टंकलेच नव्हते.

आता खरी गोष्ट. प्रणिताने लग्नासाठी मुलगा पाहून ठेवला होता. तेजस नावाचा, तिच्याच कार्यालयातला, गाव आपले केनवड. दोघांचे सगळे ठरलेले होते, फक्त थोरामोठ्यांनी पाहण्याचा कार्यक्रम करून 'हो' म्हणायचे बाकी होते. माझा भाऊ अनसिंगला असतो. तो म्हणाला, "ताई, बोलणी तूच कर, कार्यक्रमही तुझ्याच घरी कर. माझ्याच्याने बोलणं होत नाई." मुलाचे वडील साहेबराव म्हणजे माझा केनवडच्या शाळेतला विद्यार्थी. सज्जन, शेती उत्तम, माझ्यापुढे अजूनही चप्पल दाराबाहेर काढून दोन पावले मागे उभा राहणारा.

प्रणिताने फोनवर दहा वेळा बजावले, "आत्या, माझं सगळं तुझ्या हातात आहे. त्यांना नीट बोल. शाळा घेऊ नकोस."

मी? शाळा? मला वाईट वाटले.

साहेबरावचा मेसेज आला : "नमस्कार मॅडम. रविवारी पोरीले पाह्याले येतो म्हनतो. तुमाले जमते का?"

मी चष्मा पुसला, पाठ ताठ केली आणि 'नमस्कार, रविवारी अवश्य यावे' असे लिहिण्यासाठी 'न'वर बोट ठेवले. माझ्या नेहमीच्या ठामपणाने.

टक्! पडद्यावर उमटले आणि गेलेसुद्धा : "लेखनात शिस्त नाही. पुन्हा लिहून आणा."

अगबाई! मी घाईने 'क्षमस्व' लिहायला गेले. घाईत माझे बोट अधिकच जोरात पडते.

टक्! "कारणे सांगू नयेत."

घाम फुटला हो! खोडायची कळ कुठे आहे? सगळ्या कोऱ्या! साऱ्या हस्तिदंती! एकाही टोपीवर काही लिहिलेले नाही! अंदाजाने एक दाबली.

टक्! "पालकांनी समक्ष येऊन भेटावे."

मी कीबोर्डवरचे दोन्ही हात वर केले, पोलिसांनी बंदूक रोखल्यावर करतात तसे. मग माउस पकडला, एकेक मेसेज निवडला आणि 'डिलीट' केला. त्यात 'माझ्यापुरता' आणि 'सर्वांसाठी' असे दोन पर्याय विचारतात. आता माझा मेसेज मी सर्वांसाठी कशाला काढू? सर्वांशी माझा काय संबंध? मी 'माझ्यापुरता' निवडला. तीनही शेरे पडद्यावरून नाहीसे झाले. सुटले! साहेबरावने पाहण्याआधी काम झाले, अशी स्वतःची पाठ थोपटून मी चहा टाकला.

तुम्ही आत्ताच हसू लागलात. म्हणजे हा फरक तुम्हालाही ठाऊक होता तर. मला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

संध्याकाळी साहेबरावकडून छायाचित्र आले. रेघांचा कागद, डावीकडे समास सोडलेला, निळ्या शाईत वळणदार अक्षर : "माननीय मॅडम यांस, सादर प्रणाम. येत्या रविवारी सकाळी आम्ही आपल्या घरी येऊ इच्छितो. सोबत बाबांना आणत आहे. आपला आज्ञाधारक, साहेबराव."

माझे डोळे भरून आले. मी प्रणिताला फोन करून सांगितले, "घराणे पाहा! पाहण्याचा निरोपसुद्धा समास सोडून लिहिला आहे. आजोबांना घेऊन येताहेत. मी हो म्हणणार, तू ये." आणि साहेबरावला मी शेऱ्याची कळ मुद्दाम धरून उत्तर पाठवले : "समाधानकारक."

रविवारी प्रणिता आली, साडी नेसली. मी पोहे केले, बैठकीत कीबोर्ड टेबलावर मांडून ठेवला. पाहुण्यांनी विचारले तर दाखवावा म्हणून. नाही विचारले तरी दाखवावा म्हणून.

दारात दोघेच उभे. साहेबराव, मान खाली, टोपी हातात. त्याच्यापुढे काठी टेकत त्याचे वडील. नव्वदीला आलेले, ताठ, संतापलेले.

मुलगा नाही. मुलाची आई नाही.

"या, बसा," मी म्हटले.

"बसत नाई," म्हातारबाबा म्हणाले. "बाई, आधी सांगा, काय केलं ह्यानं?"

"कोणी?"

"ह्यानं! माह्या पोरानं! शाळेत होता तवा तुमी मले एक डाव बोलावलं नाई. आता त्याच्या पोराचं लगन आलं अन् आता काहून बोलावलं?"

मी साहेबरावकडे पाहिले. साहेबराव जमिनीकडे पाहत होता. "मॅडम, पालकाले आना म्हनलं तुमी. मी आनलं. पुन्हा लिहाले सांगतलं, ते बी लिवलं. पन माही चूक काय झाली ते अजून समजून नाई राह्यलं."

"पण तेजस कुठे आहे?"

"त्याले नाई आनलं. आधी हे मिटू द्या म्हनलं. ज्याच्या बापाचीच तक्रार हाय त्याले तुमी पोरगी कशी देसान?"

आतून प्रणिता मोबाईल घेऊन धावत आली. चेहरा पांढरा. "आत्या! तू काय पाठवलंस त्यांना? तेजस म्हणतो, त्याच्या बाबांना दोन दिवस घास गेला नाहीये!"

साहेबरावने मोबाईल माझ्यापुढे धरला. तीनही शेरे तिथे होते. एकाखाली एक. सर्वांसाठी.

मी म्हटले, "हे मी लिहिलेले नाही." मग म्हटले, "म्हणजे मीच लिहिले आहे, पण यांच्यासाठी नाही." मग कीबोर्डकडे धावले आणि टोप्या, स्विच, टिचकी, धरून ठेवणे, वेळ कमी करणे, सारे काही समजावून सांगू लागले. दोन तुकडे दोन हातांत घेऊन हो! प्रणिताने कपाळावर हात मारला.

म्हातारबाबांनी शांतपणे ऐकून घेतले. मग साहेबरावच्या हातातल्या मोबाईलवर काठीचे टोक ठेवले. "मधलं वाच रे."

साहेबराव पुटपुटला, "कारणे सांगू नयेत."

"आयकलं का बाई? तुमचंच हाय." म्हातारबाबा आता खुर्चीत बसले. "चूक तुमची हाय. मंग आता तुमच्या घरचं मोठं मानूस कोन हाय? बोलवा त्याले."

"मी स्वतःच निवृत्त आहे हो!"

"ते राहू द्या. मोठं कोन हाय?"

मी प्रणिताकडे पाहिले. नको म्हणाली असती ती, शहाणी मुलगी आहे. पण तिचे लग्न दारातून परत चालले होते. तिने अनसिंगला फोन लावला आणि आवाज मोठा केला. माझी आई भावाकडे असते. वय विचारू नका, तिने कधी सांगितले नाही.

"कोन?" आई म्हणाली.

"आजी, मी प्रणिता. आत्याच्या घरी केनवडचे पाहुणे आले आहेत. ते म्हणतात, आत्याच्या पालकांशी बोलायचंय."

मग आई म्हणाली, "सुमीनं काय केलं?"

काय केले असेल का, असे नाही. थेट काय केले!

म्हातारबाबांनी सांगितले. आईने मध्ये एकदाही थांबवले नाही. मी "आई, ते यंत्र..." एवढे म्हणाले मात्र.

"सुमे, मोठे मानसं बोलून राह्यले ना? उभी राह्य गुमान. हात मांगं." मग आवाज मऊ करून ती म्हणाली, "बाबाजी, पोरगी लहानपनापासून अशीच हाय. शेजारच्या पोराइले वट्यावर बसवून मारे. मनानं वाईट नाई. तुमचा पोरगा चांगला हाय, मले मालूम हाय. नातवाले आमची पोरगी पसंत हाय ना?"

"हाय."

"पोरी, तुले?"

"हो, आजी," प्रणिता म्हणाली.

"मंग त्या मशीनचं काय घेऊन बसले? घ्या हो म्हनून."

म्हातारबाबा गालात हसले. "घेतलं. साहेबराव, फोन लाव पोराले."

पोराला फोन लावायची गरज नव्हती. तो आणि त्याची आई मागोमाग येऊन चौकात जीपमध्ये बसून होते. प्रणिताने खिडकीतून हात केला आणि जीप दारात आली. घर भरले. पोहे गरम झाले. कोणी पेढे आणायला पळाले. तेजस त्या कीबोर्डपाशी गेला आणि "निळे स्विच का? कमाल आहे आत्या!" असे म्हणाला. मला उत्तर द्यायचे होते, पण तोवर विषय मुहूर्तावर गेला. साहेबरावने पहिल्यांदाच माझ्यासमोर पाय पसरून पोहे खाल्ले. दुसऱ्यांदाही घेतले.

हे सगळे मी अगदी स्पष्ट पाहत होते, कारण मी कपाटाजवळ उभी होते. हात मागे, पाठ ताठ. फोन केव्हाच बंद झाला होता, आणि मला खाली बस म्हणायचे आई विसरली होती.