ताईच्या बरण्यांतले मासे

आमच्या घरात आजवर कुणी मासा खाल्ला नाही, आणि ताईनं जन्मभर माशांखेरीज दुसरं काही केलं नाही. सांगलीच्या एका कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची. दरवर्षी मुलांना घेऊन कोकणात जायची, बंदरावरून मासे आणून फॉर्मालिनच्या बरणीत ठेवायची. बरणीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी: कुठं मिळाला, कधी मिळाला. शाई विरघळते, पेन्सिल नाही. कुपवाडच्या कारखान्यात नट-बोल्ट सांभाळणाऱ्या मला या शास्त्रातलं तेवढंच कळलं.

ती निवृत्त झाल्यावर कॉलेजात तपासणीला समिती यायची होती. चिठ्ठ्यांमुळे मासे नीट दिसेनात, म्हणून तिथल्या लोकांनी त्या काढून टाकल्या आणि बरण्यांना बाहेरून रंगीत छापील लेबलं डकवली. समिती खूश झाली. मग पुराचं पाणी तळमजल्यात शिरलं. बरण्या तरंगल्या, लेबलांचा आणि नोंदींच्या रजिस्टरचा लगदा झाला.

यंदा तिथल्या विभागप्रमुख बाईंचा फोन आला. मुंबईचं एक संग्रहालय बरण्या न्यायला तयार आहे, पण कुठला मासा कुठं मिळाला ते हवं. नाहीतर खोली रिकामी करायचीय, मासे पुरून टाकावे लागतील. ताईंना विचारून बघता का?

ताई आता आमच्याकडेच असते. सकाळी जेवली का, हे तिला दुपारी सांगता येत नाही. बाईंनी पाठवलेला एकेक फोटो मी फोनवर दाखवला, तर शास्त्रीय नावं धडाधड आली. मी हरखून पेन उघडलं.

"कुठला गं हा?"

"समुद्रातला." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तू होतास की बरोबर. बरणी तुझ्याच मांडीवर होती."

खरंच होतो. आंबा घाटात कुठल्या वळणावर ओकलो, कुणाच्या पिशवीत ओकलो, हे मी घरातल्या प्रत्येक लग्नात रंगवून सांगतो. पण आम्ही कुठल्या बंदरावरून परतत होतो? काही केल्या आठवेना.

"ओकलेलं तेवढं बरं लक्षात राहिलं," बायको आतून म्हणाली.

ताईनं माझ्या हातावर थोपटलं. "एवढा काय विचार करतोस? लिहून ठेवलंय मी. आत चिठ्ठी आहे बघ."

मी फोटो मोठा केला. पिवळट पाणी, आ वासलेला मासा. बाईंना ‘पुरून टाका’ कळवायचं, हे ठरून गेलं.

"आहे गं," मी म्हणालो.

तिनं समाधानानं मान हलवली आणि पुढचा मासा दाखव म्हणाली.