एडवणहून आलेले पाहुणे

साठी उलटल्यावर माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, घरातले देव एडवणला धाकट्या भावाकडे पोचते केले. बोईसरच्या एका सत्संगात त्यांना पटलं होतं, की देवाला रूप नाही, रंग नाही, हातपाय नाहीत. पटलं की लगेच अमलात आणायचं, ही त्यांची जुनी खोड. स्वतःला मधुमेह निघाला तेव्हा त्यांनी सगळ्या घराची साखर बंद केली होती.

केळव्याच्या आमच्या घरात देव्हाऱ्याच्या जागी पाण्याचा फिल्टर बसला. सासूबाई मात्र दर सोमवारी परडीभर जास्वंद घेऊन एडवणला जाऊबाईंना भेटायला जाऊ लागल्या. एरवी दोघींचं फारसं पटत नसे.

वर्षभराने धाकट्या सासऱ्यांचा पाय मोडला. नवरा-बायको विरारला मुलाकडे राहायला गेले आणि देव कापडी पिशवीतून आमच्याकडे परत आले. बाबांनी पिशवी मागच्या खोलीत, कपाटात ठेवली.

"देव म्हणून नका मानू," सासूबाई म्हणाल्या, "पण पाहुणे तर हायत ना? आपल्याकडं पाहुणा कदी बिनआंघोळीचा राह्यलाय?"

दुसऱ्या दिवसापासून पाहुण्यांना आंघोळ बाबाच घालू लागले, कारण सासूबाईंची कंबर नेमकी तेव्हाच धरली. मंत्र नाही, घंटा नाही. बाळकृष्णाच्या कानामागचं पाणी मात्र ते अगदी नीट टिपायचे.

मग एका रविवारी सत्संग आमच्या ओटीवर भरला. बाबांनी सकाळीच मागच्या खोलीला कडी घातली. चहा देऊन झाल्यावर सासूबाईही कोपऱ्यात टेकल्या. अर्धा तास सगळे डोळे मिटून बसले. नंतर सत्संगाचे प्रमुख, कारखान्यातून निवृत्त झालेले एक साहेब, एकेकाला अनुभव विचारू लागले. कुणाला नाद ऐकू आला होता. बाबांना निळसर तेज दिसलं होतं.

"आणि आई, तुम्हाला?"

"काय नाय दिसलं."

"काहीच नाही?"

"डोळं मिटल्यावर काय दिसणार? मी पण नव्हते नि कोन पण नव्हतं. बरं वाटलं."

साहेबांनी हात जोडले. "आम्ही इतकी वर्षं एवढ्यासाठीच बसतोय," ते म्हणाले.

त्या दिवशी बाबांनी भाजी पुन्हा वाढून घेतली नाही. "तू झोपली व्हतीस," ते म्हणाले.

"आसंल," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या पानात भात वाढला.

पुढच्या आठवड्यात बोईसरहून निरोप आला, आईंना घेऊन या. सुपारी सोलायची राहिलीय, मला सवड नाय, असं सासूबाईंनी कळवलं. बाबा एकटेच गेले आणि नेहमीपेक्षा बरेच लवकर परतले.