नापास झालेली गादी

सरकारी रुग्णालयाच्या भांडारात ती नोकरीला लागली तेव्हापासून नाकासमोर चालली. पुरवठादाराचा साधा चहासुद्धा तिने कधी घशाखाली उतरू दिला नाही. सगळे तिला पाठीमागे फूटपट्टी म्हणायचे. ते कानावर आलं की ती मनातून सुखावायची, आणि घोळ झाला तो इथेच. सचोटी अंगवळणी पडावी, पण तिला सवय लागली होती ती कौतुकाची. हे तिला फार उशिरा कळलं.

तिचा धाकटा भाऊ दोन गल्ल्या पलीकडे गाद्या करायचा. कापूस पिंजण्यापासून रेक्झिनची खोळ शिवण्यापर्यंत सगळं त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये व्हायचं, आणि शेजारच्या चारपाच बायकांची चूल त्यावर पेटायची. मोठ्या कारखान्यांपुढे धंदा रडतखडत चालला होता. अशात सरकारने नियम काढला: माल कसोटीला उतरत असेल तर आधी गावातल्याच धंदेवाल्याकडून घ्यायचा, थोडा महाग पडला तरी. रुग्णालयाला सगळ्या खाटांसाठी गाद्या हव्याच होत्या. भावाच्या जिवात जीव आला. हे काम मिळालं तरच शेड टिकणार होती.

नमुन्याची गादी आली. परिचारिका तिच्यावर बसून पाहायला म्हणून गेल्या, त्या उठायलाच तयार होईनात. मोठे डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमचा भाऊ आहे, तर या खरेदीत तुम्ही पडू नका. नियमात तशी सोय आहे. मी आणि हिशेबनीस बघतो."

"म्हणजे लोक म्हणायला मोकळे, बहिणीने बाजूला होऊन भावाला वाट करून दिली," ती म्हणाली. "तपासणी माझं काम आहे, मीच करणार."

आणि केली. गादी दाबली, उलटीपालटी केली, तेव्हा कुठे एका कोपऱ्यात दोन टाके तिरके सापडले. असे टाके तिने इतरांच्या मालात कितीदा पाहून सोडून दिले होते. या वेळी नापास केलं. गावात दुसरा गादीवाला नव्हता, त्यामुळे काम बाहेरच्या कारखान्याला गेलं. सख्ख्या भावालाही बाईंनी सोडलं नाही, म्हणून जो तो तिची पाठ थोपटू लागला. आठवडाभर बाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते.

वर्षाच्या आत शेड बंद पडली. बायका मिळेल त्या कामाला पांगल्या. भाऊ दुसऱ्याचा टेम्पो चालवू लागला. तरी तो पूर्वीसारखा घरी येत राहिला, भाचीची चेष्टामस्करी करत राहिला. भांडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. त्याला दारात पाहिलं की तिला स्वतःचीच लाज वाटायची.

एका दुपारी तो औषधांची खोकी घेऊन भांडारात आला. माल उतरल्यावर तिने त्याला पाणी दिलं आणि इतके दिवस जिभेवर अडकलेलं विचारून टाकलं.

"माझ्यावर राग आहे का रे?"

"राग कसला, ताई." त्याने पेला खाली ठेवला. "एकच सांग. मी तुझा कोणी नसतो, तर घेतली असतीस ती गादी?"

नियम, कसोटी, जबाबदारी, सगळी उत्तरं तिला तोंडपाठ होती. त्यातलं एकही देववेना.

"घेतली असती," ती म्हणाली.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला आणि टेम्पोचा फाळका लावायला बाहेर गेला.