पाच सेकंद मागची मराठी

आईला ऐकू येणं जवळजवळ बंद झालं, तेव्हा मी देवासच्या बाजारातून एक टॅबलेट आणला. आपण बोलायचं आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत ते उमटायचं, इंटरनेट नसलं तरी. दुकानदार म्हणाला, "भिया, इसमें दिमाग अलग से लगा है." तसं ते खरंच होतं. प्रोसेसरमध्ये सगळी कामं करणारे साधे कोअर असतात आणि शेजारीच बोलणं ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कची गणितं झपाट्याने करणारा एक वेगळा भाग. मी कारखान्यात तपासणी खात्यात आहे. आकडे वाचल्याशिवाय वस्तू घेत नाही. त्या भागाच्या वेगाचा आकडा वाचूनच घेतला.

हिंदी बोललं की अक्षरं बोलण्याबरोबर उमटत. मराठी मात्र रखडे. मी घड्याळ लावून पाहिलं: वाक्य संपल्यावर पाच सेकंद. वर टॅबलेट तापे. कारण अक्षरं उमटवणाऱ्या ॲपच्या माहितीत सापडलं. हिंदी त्या वेगळ्या भागासाठी तयार केलेली होती. मराठीची तशी तयारी कुणी केलीच नव्हती, म्हणून ती साध्या कोअरवर चाले. वेग कोणत्या भाषेसाठी, हे दुकानात विचारायचं मला सुचलं नव्हतं.

पाच सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, जेवताना ते फार होतात. मुलीने कॉलेजातली गंमत सांगावी, आम्ही हसून पुढच्या विषयावर जावं आणि मग आईने एकटीने हसावं. शेवटी मुलगीच म्हणाली, "आजी, हिंदी में बताती हूँ ना." त्या दिवशी आई आमच्याबरोबर हसली. मग बायको हिंदीत बोलू लागली, मग मीही. आईला एकटं पाडायचं नव्हतं, एवढंच. हिंदी वाचता वाचता तीही हिंदीतच उत्तरं देऊ लागली.

यंदा धारहून मावशी आली, आईची धाकटी बहीण. टॅबलेट पाहून म्हणाली, "अक्का, आता याला विचारून वरण वाढायचं का ग?" आईची नजर पडद्यावर. अक्षरं येईतो मावशी दुसऱ्याच गोष्टीवर गेलेली. माहेरच्या चिंचेचं काही सांगत होती. आई म्हणाली, "रुक जा जरा, अभी लिखा नहीं आया."

मावशीचा घास हातातच राहिला. "अक्का, माझ्याशी हिंदी?"

हेही आईला उशिराच कळलं. वाचून ती ओशाळली. जाताना मावशीच अडखळत म्हणाली, "अक्का, चलती हूँ. तबीयत संभालना." अक्षरं लगेच आली. आई खुलली, तिचा हात सोडीना.

त्यानंतर काही आठवड्यांनी ॲपची नवी आवृत्ती आली. तीत मराठीही त्या वेगळ्या भागावर चालणार होती. मी त्याच दुपारी ती बसवली आणि आईसमोर बसून म्हणालो, "आई, चहा करू का?" मराठी अक्षरं बोलता बोलता उमटली, एकही चूक नव्हती. आईने वाचलं. माझ्याकडे पाहून प्रेमाने हसली.

"अभी नहीं, बेटा," ती म्हणाली.

जन्मभर तिने मला बाळ म्हटलं होतं.